येल्काबाई आणि बिनकठड्याची गॅलरी

लिपोव्निक गावात रूडीच्या घराच्या गॅलरीला अठरा वर्षं कठडा नव्हता, आणि त्या गॅलरीवर त्याच्या थोरल्या बहिणीने, येल्काबाईंनी, आपली सगळी कीर्ती उभी केली.

कठडा नसणं ही तशी लाजेची गोष्ट नव्हे. गावातली घरं याच क्रमाने उभी राहतात. आधी तळघर, म्हणजे वाइनच्या पिंपांची सोय होते. मग गॅरेज, मग छप्पर. मग माणूस लग्न करून आत राहायला जातो, आणि गिलावा, कठडा असल्या किरकोळ गोष्टी पोरांची लग्नं होईपर्यंत रेंगाळतात. रूडीची बायको गॅलरीचं दार आतून दोरीने बांधून ठेवायची, आणि त्या दोरीची गाठ रूडीपेक्षा तिच्या मुलीलाच चांगली सोडता यायची.

येल्काबाईंनी खोऱ्यातल्या शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी पालकसभेला त्या फळ्यावर ती गॅलरी काढायच्या.

"हे तुमच्या पोराचं डोकं," त्या म्हणायच्या. "चौदाव्या वर्षी गॅलरी तयार होते. दार उघडतं, वारा येतो, लांबचं दिसतं, जीव उडून जावासा वाटतो. आणि कठडा कधी बसतो? पंचविसाव्या वर्षी! पुढच्या कपाळामागचा सुतार सगळ्यात शेवटी कामाला येतो. मधली अकरा वर्षं दाराची दोरी तुम्ही धरायची."

मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, आणि रूडीचा कठडा?"

"माझा सुतार अजून वाटेवर आहे," रूडी स्वतःच उत्तर द्यायचा, आणि सभा हसत हसत सुटायची.

पण बाईंचं खरं सांगणं पुढेच असायचं. एकटं पोर वेगळं आणि चार पोरांतलं पोर वेगळं, हे त्या टेबलावर बोट आपटून सांगायच्या. एकेकाला बाजूला घेऊन विचारा, तळ्यावरचा बर्फ पातळ आहे, जाशील का? सगळे म्हणतील, छे, बाई, वेड लागलंय का! मग जानेवारीत तळ्यात कोण पडलं होतं? वर्गात तीन हात वर. तेव्हा बरोबर कोण कोण होतं? सगळेच. "बघणारे डोळे आले," बाई म्हणायच्या, "की आहे ती दोरीसुद्धा सुटते."

आणि शेवटी, दर वर्षी न चुकता, "एक मुलगी होती. वर्गात पहिली. तिला सगळं कळत होतं. तरी एका ईस्टरला..." इथे वाक्य थांबायचं. बाई फडकं घेऊन फळा पुसू लागायच्या. ती मुलगी कोण, असं पस्तीस वर्षांत एकाही आईबापाने विचारलं नाही. त्यांना घरी जायची घाई असायची, आणि गावाला तसंही एक उत्तर तयार मिळालेलं होतं. चुकीचं, पण तयार.

ते उत्तर असं. रूडी तेरा वर्षांचा असताना त्याने लोहाराच्या पडवीतून कार्बाइड चोरलं, टेकडीवर जाऊन ते दुधाच्या कॅनमध्ये पाण्याने भिजवून ईस्टरचा बार भरला, स्वतःच पेटवला आणि डावा कान कायमचा घालवून बसला. बापाने त्याला पट्ट्याने फोडून काढलं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अग्निशमन दलाच्या गणवेशात रूडी छाती काढून चालू लागला की म्हाताऱ्या अजून म्हणतात, "आधी आग लावली, मग विझवायला शिकला."

खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती. तेव्हाच्या सरकारला देवधर्म खपत नव्हता, ईस्टरला शाळेला सुट्टीदेखील नसायची. सोमवारी मास्तर मुलांची बोटं तपासायचे, कांद्याच्या सालीत अंडी रंगवून कुणाची लाल झालीत ते बघायला. त्या वर्षी सोळा वर्षांच्या येल्काची बोटं लाल नव्हती, काळी होती. टेकडीवर पोस्टमनचा फेर्दो आपली नवी मोपेड घेऊन आला होता. "मुलींचं काम अंडी रंगवायचं," असं तो म्हणाला. येल्काने धाकट्या भावाला कॅन धरायला लावला, "कान लाव, आत सळसळ ऐकू येते का सांग," म्हणाली आणि तो उत्तर देण्याआधीच मशाल लावली.

घरी येता येता रूडी रक्ताचा कान दाबून एवढंच बोलला, "मी लावली म्हणून सांगतो. मला मारतील. तुला शाळेतून काढतील." आणि मुलीने बार उडवला ही लाज त्या काळी पट्ट्याने भागली नसती, हेही खरं.

तेव्हापासून दर ईस्टरला येल्का रूडीसाठी अक्रोडाची एक वेगळी पोतित्सा, म्हणजे सणाचा गोड पाव, भाजते. गोल साच्यातली, घरच्यांसाठी करते त्याहून मोठी. रूडी रिकामा साचा आपल्या झाडाच्या अक्रोडांनी भरून परत करतो. शेहेचाळीस वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघांत एक शब्द झाला नव्हता. साचा तेवढा जायचा आणि यायचा.

बाईंनी लग्न केलं नाही. गावाने त्याची कारणं शोधली, त्यात फेर्दोचंही नाव आलं, पण फेर्दो पुढे टक्कल पडून सीमेपलीकडे टायर विकायला गेला, तेव्हा त्या कारणातली गंमत संपली. बाईंनी मेंदूची पुस्तकं मागवली. मी असं का केलं, मी तर पहिली यायचे, या एकाच प्रश्नावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. लोकांना वाटायचं, बाईंना दुसऱ्यांच्या पोरांची काळजी.

तर गेल्या वर्षी ईस्टरला टेकडीवर कार्बाइडचे बार उडवताना दोन पोरांच्या भुवया जळाल्या आणि ग्रामसभेत ही जुनी रीत बंद करायचा ठराव आला. तेव्हा बाईच उठल्या.

"बंद करा," म्हणाल्या. "मग ती रानात जातील. पाच जण, एकमेकांकडे बघत. त्यापेक्षा बघणारे डोळे काढून घ्या. टेकडीवर गवत वाळवायचा मांडव आहे ना, त्याच्या फळ्यांआड सगळ्यांनी बसायचं. आवाज ऐकायचा, बघायचं नाही. एकाने पुढे यायचं, चाळीस पावलं चालायचं, आपला बार उडवायचा, परत जायचं. मग दुसऱ्याने. शेजारी एकच मोठा माणूस. मशाल त्याच्या हातात."

"आणि तो मोठा माणूस कोण?" फादरनी विचारलं.

"रूडी," बाई म्हणाल्या. "त्याला किंमत माहीत आहे."

सभेने रूडीच्या डाव्या कानाकडे पाहिलं आणि हात वर केले.

अडून बसली ती दार्या, रूडीची मुलगी. तिची नेझा पंधरा वर्षांची. यंदाच्या सात जणांच्या यादीत पहिल्यांदाच एका मुलीचं नाव होतं, ते तिचं.

"आत्या, बाबांवर माझा काडीचा विश्वास नाही," दार्या म्हणाली. "चार माणसं दिसली की त्यांना चढते. न पिता चढते! तू शब्द देत असशील तर पाठवते."

"दिला," येल्काबाई म्हणाल्या. मग त्या रूडीकडे गेल्या, त्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, कारण त्याच बाजूला बोलायची सवय होती. "रूडी, एकेकाने. मांडवाआड. ऐकलंस?"

"ऐकलं गं ताई. एकच कान आहे, पण चांगला आहे."

ईस्टरच्या पहाटे मिरवणूक झाली, घंटा वाजल्या, चर्चमध्ये मिस्सा सुरू झाली. बाई वरच्या माळ्यावर गायकांत उभ्या होत्या, पण कान टेकडीवर. पहिला बार झाला. चाळीस पावलं जायला, चाळीस यायला. दुसरा बार. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "येल्का, ओठ का हलतायत? आपलं अजून आलं नाही." बाई पावलं मोजत होत्या. तिसरा बार. सगळं शब्दाप्रमाणे. बाईंनी त्या दिवसात पहिल्यांदा सुरात गायला सुरुवात केली.

मग चौथा आणि पाचवा लागोपाठ झाले. इतके लागोपाठ, की खालच्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. दोन बार लागोपाठ म्हणजे दोन पोरं शेजारी. शेजारी म्हणजे शर्यत. सहावा बार झाला आणि त्याच्या मागून हसणं आलं. इतक्या लांबून हसणं ऐकू यायचं तर ते सात जणांचं असायला हवं. मांडवाआडून हसणं असं मोकळं येत नाही.

सातवा बार झालाच नाही.

बाई हालेलुयाच्या मध्यात जिन्यावरून उतरल्या. वय बासष्ट, गुडघा उजवा बाद, पायांत सणाचे बूट. दाराशी उभ्या असलेल्या पुरुषांनी वाट दिली आणि एकाने दुसऱ्याला कोपरखळीही मारली, "बाईंचा कठडा निसटला वाटतं!"

टेकडीवर मांडवाआड कुणीच नव्हतं. पोरं मांडवावर चढून ओळीने बसली होती, तारेवर चिमण्या बसतात तशी, पाय हलवत, हातात फोन. रूडी त्यांच्यासमोर बाकावर, मांडीवर आलुबुखाराच्या दारूची बाटली, उजवा कान पोरांकडे. आणि पलीकडे, सातव्या कॅनमागे गुडघ्यांवर नेझा. मशाल तिच्याच हातात.

"फुसका बार!" योश्त ओरडला. हा पोरांचा म्होरक्या, सतरा वर्षांचा. "मुलीचा फुसकाच असणार! एक... दोन..."

बाकीचेही मोजू लागले. बार उडाला नाही तर जवळ जायचं नाही, हे त्यांना आठवडाभर पाठ करून घेतलं होतं. नेझाने तर ते कागदावर लिहून बाईंना दाखवलं होतं, खाली रेघ ओढून. आता ती वाकून कॅनच्या मागच्या, मशाल लावायच्या भोकात बघत होती.

"रूडी!" बाई ओरडल्या. पण त्या डावीकडून आल्या होत्या. रूडी हसतच राहिला. "नेझा!"

नेझाने मान वळवली आणि तेवढ्यात बार उडाला. तोंडाला झाकणाऐवजी लावलेला फुटबॉल फादरच्या कोबीच्या वाफ्यात जाऊन पडला. मागच्या भोकातून निघालेला जाळ, जिथे क्षणापूर्वी पोरीचा डोळा होता तिथून, तिच्या वेणीवरून गेला.

बाई धावल्या. वेणी हातांनी विझवली. डोळे तपासले, दोन्ही शाबूत. डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ. डाव्याच.

"ही बोटं बघ. किती?"

"तीन," नेझा म्हणाली, मोठ्याने, कारण तिला स्वतःचंच नीट ऐकू येत नव्हतं. "मला काही झालेलं नाही."

"तुला नियम ठाऊक होता ना? लिहून दिला होतास ना मला?"

मांडवावरच्या पोरांचे पाय हलायचे थांबले होते. नेझाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. सगळे बघत होते. मग तिने हनुवटी वर केली.

"तूही तेच केलंस! आजोबांनी सांगितलं आत्ता. तू सोळा वर्षांची होतीस. त्या मोपेडवाल्या फेर्दोसाठी पेटवलास. आणि त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही! तो मोपेडला किक मारत होता!"

वरून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

फेर्दोने बघितलं नव्हतं. ही गोष्ट येल्काशिवाय जगात एकट्या रूडीला माहीत होती, कारण त्या वेळी येल्का मशाल खाली टाकून रक्ताकडे न बघता आधी फेर्दोकडे बघत होती, आणि तेरा वर्षांचं पोर तिच्या पायाशी पडून तिच्या तोंडाकडे बघत होतं. कान गेला, पट्टा खाल्ला, तरी हे त्याने कधी काढलं नव्हतं. आज काढलं. सात पोरांना हसवायला.

रूडी उठला. बाटली त्याने बाकाखाली सरकवली, जणू प्रश्न बाटलीचा होता.

"ताई, अगं... फळ्यांआडून पोरं काय विचारतात ते मला ऐकू येईना. म्हणून म्हटलं, बाबांनो, जरा पुढे या, उजवीकडे बसा. मग बसली. मग म्हणाली, आजोबा, तुमच्या कानाची गोष्ट सांगा. नेहमीची सांगितली. ती काय, सगळ्यांना पाठ. कुणी हसेना. मग म्हटलं..."

"मग?"

"हसली गं. पोट धरून हसली. माझ्या गोष्टीला आता घरी कोण हसतं?" त्याने हात पसरले. "शेहेचाळीस वर्षं झाली, ताई. मला वाटलं, आता काय त्याचं!"

बाईंनी पस्तीस वर्षं ज्याचं चित्र फळ्यावर काढलं, त्याच्यासमोर त्या उभ्या होत्या. पण हा सोळा वर्षांचा नव्हता. एकोणसाठचा होता. नातवंडं होती, पदक होतं, गॅलरीला कठडासुद्धा बसला होता, लोखंडी, हिरव्या रंगाचा. पुस्तकांत याचं पान नव्हतं. त्यांनी मशाल पाण्याच्या बादलीत बुडवली आणि नेझाला हाताला धरून खाली नेलं.

शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, कानाच्या पडद्याला केसाएवढी चीर आहे, सहा आठवड्यांत भरेल. दार्या दवाखान्याच्या बाकावर मुलीचा जळका कोट मांडीवर घेऊन बसली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आत्या, बाबांवर मी विश्वास टाकलाच नव्हता," ती म्हणाली. "म्हणून त्यांच्यावर मला धड रागावताही येत नाही."

दुपारपर्यंत गावात दुसरं बोलणं नव्हतं. खानावळीत हॅमवर तिखट मुळी किसता किसता लोकांनी गोष्ट घोळवली, तिला मीठमसाला लावला. संध्याकाळपर्यंत फेर्दोने येल्काला मागणी घातली होती आणि तिने त्याला बाराने उडवायचा प्रयत्न केला होता, इथवर मजल गेली. "आणि आम्हाला शिकवायची, दोरी धरा म्हणून!" असं तळ्यात पडलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने म्हटलं, तेव्हा सगळ्यांनी ग्लास वर केले. ज्यांची पोरं बाईंनी दोरी धरून मोठी केली, तेही हसले. हसणाऱ्यांत बसलं की वेगळं राहवत नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी नेझा आली. केस हनुवटीपर्यंत कापलेले, कानात कापूस. बाईंनी तिला स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीत रूडीची पोतित्सा तशीच होती, फडक्याखाली.

"आत्याआजी, या बाजूने बोल," नेझा म्हणाली आणि खुर्ची फिरवून उजवा कान पुढे केला. बाईंनी तोंड वळवलं आणि चुलीवरचं दूध उगाच खाली उतरवलं.

"रागावलीस?" नेझाने विचारलं.

"तू लिहून दिलं होतंस. खाली रेघ ओढून."

"हो. आणि तू मला 'एक मुलगी होती' म्हणून सांगायचीस. मी पाच वर्षांची असल्यापासून. मी विचारलंसुद्धा होतं एकदा, कोण गं ती? तू म्हणालीस, लांबच्या गावची."

बाईंनी दुधावरची साय चमच्याने बाजूला केली.

"तू सांगितलं असतंस ना, की ती मी, आणि रूडीचा कान मी घालवला, तर मी त्या कॅनजवळ गेले नसते. पण ते कळलं कुणाकडून? आजोबांकडून. मांडवावर. सगळे हसत असताना. मला वाटलं, अरे, इतकंच? येल्काआजीनेही केलं, आणि तिचं काही बिघडलं नाही, ती मोठी बाई झाली. गंमतच आहे ही!" तिने कापूस नीट बसवला. "आजोबांनी या वेळी पट्ट्याचं काढलं नाही. पण मारलं होतं ते खरंच ना?"

"अकरा फटके. मी दाराआडून मोजले."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"नाही."

इथे वाक्य थांबायची वेळ होती, पण पुसायला फळा नव्हता. मग बाईंनी सगळं सांगितलं. कान लाव म्हणाले ते, त्याने उत्तर द्यायची वाट पाहिली नाही ते, आणि आधी कुणाकडे बघितलं तेही. नेझा एकदाही हसली नाही. सांगून झाल्यावर बाईंनी फडकं काढलं, सुरी घेतली आणि रूडीच्या पोतित्सेचा पहिला तुकडा कापून नेझापुढे ठेवला.

"ही तर आजोबांची ना?"

"होती."

तेवढ्यात कुंपणाशी पावलं वाजली. रूडी उभा होता, सणाच्या कोटात, हातात गेल्या वर्षीचा साचा, अक्रोडांनी काठोकाठ भरलेला. एरवी तो फाटक ढकलून आत येतो आणि ओरडतो, "अक्रोडवाला आला!" आज फाटकाला हात न लावता उभा राहिला.

बाई बाहेर गेल्या. शेहेचाळीस वर्षांची सवय त्यांना उजवीकडे नेत होती. त्या वाटेतच थांबल्या, गुलाबाच्या झुडपाला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी तुझा कान घेतला, रूडी. त्याच्या बदल्यात तू माझं काहीही मागितलं असतंस तर दिलं असतं. पण तू न मागता ते पोरांना वाटून टाकलंस."

रूडीला कुणीतरी बोलल्याचं जाणवलं. त्याने घाईने मान फिरवली. "काय म्हणालीस, ताई?"

बाईंनी कुंपणावरून हात लांब करून साचा घेतला. अक्रोड तिथेच गवतात ओतले, साचा काखेत मारला आणि फाटक न उघडता घरात गेल्या.

खिडकीतून नेझाने बघितलं, तर आजोबा ओणवे होऊन गवतातले अक्रोड एकेक करून टोपीत गोळा करत होते, आणि अधूनमधून उजवा कान घराकडे करत होते.